सारजाबाईंचा थेंब

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सात कपाटं, दोन मोऱ्या आणि एक सारजाबाई आहेत. कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आणि मोऱ्या सारजाबाईंकडे, ही वाटणी अकरा वर्षं चालू आहे. मी बद्रीनाथ, इथला स्टोअरकीपर. काचेचं भांडं फुटलं की ज्याचं डोकं फिरतं, तो मीच. या अकरा वर्षांत सारजाबाईंच्या हातून दोन भांडी फुटली, आणि त्यातलं एक माझ्या कोपराचा धक्का लागून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सारजाबाई पाचोडकडच्या. मेंढरं राखणारं घर. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, त्यामुळे शाळा म्हणजे वाटेत लागलेली एक इमारत, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. पण एक शिक्षण त्यांना आईने फार कडक दिलं होतं. दुधाची चरवी धुऊन झाली की आई आतून बोट फिरवायची. जरा जरी बुळबुळ लागली तरी चरवी परत ओढ्यावर. कारण आतला चिकटा राहिला तर सकाळचं दूध दुपारपर्यंत नासतं, हे त्या घराला ठाऊक होतं. तो चिकटा नुसत्या पाण्याने निघत नाही, वरून कितीही ओता. त्याला खरवडावं लागतं.

लग्नानंतर नवरा मल्हारी गारखेड्यात एका अपार्टमेंटचा वॉचमन झाला आणि सारजाबाई शहरात आल्या. काही वर्षं मंगल कार्यालयात पातेली घासली. मग आमच्या कॉलेजात कंत्राटावर लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शंकूच्या आकाराचा एक फ्लास्क हातात घेऊन उजेडात फिरवला आणि म्हणाल्या, "सुरई झकास हाय. पण घासायची कशी, हात तर आत जात नाय." तेव्हापासून आमच्या विभागात फ्लास्कला सुरई म्हणतात. विभागप्रमुख रत्नमाला मॅडमनी दोन-तीन वर्षं विरोध केला. आता त्यासुद्धा म्हणतात.

बाईंचं काम असं, की धुतलेला फ्लास्क उपडा ठेवला तर काचेवर पाण्याचा एक थेंब चिकटलेला दिसायचा नाही. दुसऱ्या कॉलेजची माणसं आली की मी त्यांना आमची मोठी यंत्रं दाखवायच्या आधी सारजाबाईंची मांडणी दाखवायचो. मला त्या मांडणीचा गर्व होता, आणि गर्व असला की माणूस तपासत नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आता दिपालीबद्दल सांगतो. दिपाली सोयगावकडच्या शेतकरी घरातली, पीएच.डी. करायला आमच्याकडे आली. अंगाने काडी, पण चिकाटी भयंकर. तिचा विषय असा: दवाखान्यात पेशंटला लघवीची नळी लावतात, कॅथेटर. त्या नळीच्या आत जंतू चिकटतात. एकटा-दुकटा जंतू औषधाने मरतो. पण ते जमून वस्ती करतात आणि अंगावर चिकट थर ओढून घेतात. एकदा तो थर बसला की औषध आत नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी आतले जंतू त्याला दाद देत नाहीत. या थराला बायोफिल्म म्हणतात. दिपाली चांदीचे अतिशय बारीक कण तयार करत होती. एका केसाच्या रुंदीत हजारभर शेजारी शेजारी बसतील, इतके बारीक. या कणांचा लेप नळीला दिला तर जंतूंना वस्तीच करता येणार नाही, अशी तिची मांडणी होती.

हे मला समजायला दोन महिने लागले. सारजाबाईंना एका वाक्यात समजलं.

"म्हंजे चरवीतली बुळबुळ," त्या दिपालीला म्हणाल्या.

"हो मावशी. अगदी तेच."

"मग सोपं नाय ते पोरी. लई हट्टी असती ती."

कण करायची रीत दिसायला साधी होती. सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि त्यात सीताफळाच्या पानांचा काढा घालायचा. कण तयार झाले की द्रावणाला कोऱ्या चहाचा रंग येतो. पहिल्या खेपेला तो रंग असा सुरेख आला, की मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवला. त्या द्रावणाचा लेप दिलेल्या नळीच्या तुकड्यांवर जंतू जवळजवळ टिकलेच नाहीत. साध्या तुकड्यांवर जांभळा रंग टाकला की चिकटा जांभळाभडक दिसायचा. लेप दिलेले तुकडे तसेच पांढरे. दिपालीने त्या संध्याकाळी सगळ्यांना रसवंतीत नेलं, सारजाबाईंनाही.

त्यानंतर मात्र ते जमेना. पुढच्या खेपेला द्रावण गढूळ आणि राखी झालं. तळाला पांढरट गाळ. त्याच्या पुढच्या खेपेला थोडं बरं, मग पुन्हा गढूळ. लेप द्यावा तर नळीवर चिकटा जांभळाभडक. मॅडमनी आधी पानांवर संशय घेतला, मग पानं तोडायच्या हंगामावर. मग माझ्यावर. सिल्व्हर नायट्रेटची बाटली जुनी असेल म्हणाल्या. मी ती काळ्या कागदात गुंडाळून, कुलपात, उजेड लागू न देता जपतो. मी दोन दिवस मॅडमशी बोललो नाही. शेवटी त्यांनी डिस्टिल्ड पाणी तपासलं. पेलाभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला. पाण्यात मिठाचा अंश असेल तर थेंब पडताच दुधाळ ढग उठतो. सारजाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. ढग उठला नाही, पाणी निर्मळ होतं. पानं, चांदी, पाणी, सगळं तपासून झालं.

फ्लास्क कुणी तपासला नाही. सारजाबाईंच्या फ्लास्कवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

पीएच.डी.च्या मुलांचं काम दर वर्षी एक समिती पाहते. पहिल्या वर्षी, पहिली खेप व्हायच्या आधीच, दिपालीला शेरा मिळाला, असमाधानकारक. दुसऱ्या वर्षीही तोच. तिसऱ्यांदा मिळाला असता तर नोंदणी रद्द. आणि दुसऱ्या बैठकीत पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी फार मऊ आवाजात विचारलं होतं, "तो पहिला निकाल नक्की आला होता ना? की अपेक्षेप्रमाणे लिहिला गेला?" त्यांनी शेराही तसाच लिहिला, 'पहिल्या निकालाबद्दल शंका'.

एखाद्या अभ्यासू मुलीला तू खोटारडी आहेस म्हणायची याहून सभ्य तऱ्हा नसेल. दिपाली बैठकीतून आली ती थेट मोरीपाशी गेली आणि नळ सोडून रडत बसली. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे रडणं सगळ्यांना ऐकू आलं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते वाराने, काही दिवसांआड एकदा, आणि तो दिवस पाण्याचा नव्हता. सारजाबाईंनी तिला पदराने डोळे पुसू दिले. त्या दिवसापासून दिपालीचे फ्लास्क त्या वेगळे ठेवायला लागल्या, वेगळे घासायला लागल्या. इतरांची भांडी एकदा, हिची दोनदा. जीव लावणं त्यांना हातानेच येत होतं.

तिसरी बैठक एप्रिलच्या अखेरीला होती. तिच्या तीन आठवडे आधीची गोष्ट.

उरलेलं चांदीचं पाणी मोरीत ओतायचं नसतं. एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये ते साठवायचं आणि त्यात मूठभर खडे मीठ टाकायचं. चांदी पांढरी होऊन तळाशी बसते, मग तो गाळ गोळा करता येतो. हे काम माझं. त्यासाठी खड्या मिठाची पिशवी मी मोरीच्या फळीवर ठेवायचो. ती पिशवी अलीकडे फार लवकर संपते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, पोरी कैऱ्या आणतात, त्यांना लागत असेल. मी त्यावर एकदा दिपालीला टोमणाही मारला होता.

त्या दिवशी माझी कंबर धरली होती. मी सारजाबाईंना म्हणालो, "बाई, तेवढं मीठ तुम्हीच टाका कॅनमध्ये. हातमोजे घाला, त्या पाण्याने बोटं काळी पडतात."

त्यांनी मीठ टाकलं. कॅनमधलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मी खुर्चीतून बघत होतो. बाई कॅनसमोर उभ्याच राहिल्या. बराच वेळ. मग कॅनचा तळ बघण्यासाठी खाली वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"काय झालं, बाई? कंबर तुमचीही धरली काय?"

त्यांनी दिपालीचे धुतलेले दहा फ्लास्क मांडणीवरून उतरवले. प्रत्येकात घोटभर डिस्टिल्ड पाणी घालून खळबळवलं. मग दिपालीच्या बाकावरच्या बाटलीतून, मीठ न पडलेल्या चांदीच्या पाण्याचा एक-एक थेंब ड्रॉपरने त्यात टाकत गेल्या, जसं मॅडमना करताना पाहिलं होतं तसं. पहिल्यात दुधाळ ढग उठला. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात उठला. दहांपैकी सात.

तेव्हा त्या माझ्या टेबलाजवळ आल्या आणि खाली बसल्या. खुर्ची रिकामी असताना जमिनीवर.

"बद्रीभाऊ, त्या पोरीचं औषध म्या नासवलं."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. दिपालीची पहिली खेप झाली ती कोऱ्या, खोक्यातून काढलेल्या फ्लास्कमध्ये. त्यानंतर फ्लास्कला आतून तपकिरी चकाकता थर बसला. साबणाने तो निघेना. तो काढायला ऍसिड लागतं, आणि ऍसिडच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. सारजाबाईंनी मागितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "ऍसिडला तुम्ही हात लावायचा नाही." एवढं बोलून मी चहाला गेलो होतो. मग बाईंनी आईची रीत काढली. अरुंद तोंडाच्या भांड्यात खडे मीठ आणि लिंबाचा रस घालून जोरजोराने हलवायचं. मिठाचे खडे आतून खरवडतात. थर बराचसा निघाला, काच लखलखली. मग धुवायचं. पण पाणी कमी, म्हणून एकाच बादलीत एकामागून एक दहा फ्लास्क विसळायचे, आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी घोटभर. पाण्याच्या दिवशी विसळणं नीट व्हायचं, तेव्हा खेप बरी यायची. एरवी काचेला मीठ राहायचं.

"गाळ म्या रोज बघते की," त्या म्हणाल्या. "तिच्या सुरईच्या बुडाला पांढरा, उन्हात ठिवला की वांगी रंगाचा. ह्या कॅनात बी तसाच. तुम्ही लोक सुरई वरून बघता. बूड म्या बघते."

मग माझ्या तोंडून जे निघालं ते सांगायला मला आज लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "बाई, गप्प बसा. आजपासून मीठ बंद. पुढची खेप चांगली येईल, मामला संपला. जूनमध्ये तुमचं कंत्राट नवं व्हायचंय. मॅडमचा राग तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला कळायचं नाही."

माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मिठाची पिशवी माझी होती, ऍसिडला नाही म्हणणारा मी होतो, हेही अर्थात मला दिसत होतं.

सारजाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या न घासलेल्या भांड्याकडे पाहतात.

"आन् तिच्यावर आळ आलाय, त्याचं काय? आता चांगलं आलं तर लोक म्हणतील, आधी खोटं व्हतं, आता जमलं. दीड वर्स तिनं ऐकून घेतलं. त्ये कुणाच्या डोक्यावर ठिवू म्या?"

त्या उठल्या. ढग उठलेला एक फ्लास्क उचलला आणि मॅडमच्या केबिनकडे चालू लागल्या. मी कंबर धरून मागे.

केबिनमध्ये दिपाली मॅडमसमोर बसली होती. नोंदणी रद्द झाली तर पुढे काय, हेच बोलणं चाललं असावं, कारण दोघींचेही चेहरे उतरलेले होते. सारजाबाईंनी फ्लास्क टेबलावर ठेवला.

"म्याडम, दिपालीची खेप नासत व्हती ती माझ्या हातानं. म्या तिच्या सुरया मिठानं घासत व्हते."

मॅडमनी चष्मा काढला. "मिठाने?"

"व्हय. पहिली खेप झाली तवापासून. आतला थर निघंना म्हणून. ह्यो बगा थेंब. म्या सात सुरयांत बघितलं."

मॅडम उठल्या. केबिनबाहेर येऊन मांडणीवर दिपालीचे जे फ्लास्क उरले होते त्यातला एक स्वतः निवडला, स्वतः विसळला, स्वतःच्या हाताने थेंब टाकला. ढग उठला. त्या स्टुलावर बसल्या.

"सारजाबाई, दीड वर्ष गेलं या मुलीचं."

"व्हय. म्हणून तर आले. मला कामावरून काढायचं तर काढा. पण आधी त्या समितीला सांगा, पोरगी खोटी नव्हती."

मला वाटलं, आता आपणही तोंड उघडावं. मी म्हणालो, "मॅडम, मीठ माझं होतं. आणि ऍसिड मी दिलं नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या तेव्हा मी मेमोची तयारी ठेवली होती. पण त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी पानं तपासली, पाणी तपासलं, बद्रीनाथची बाटली तपासली. फ्लास्क तपासायचं काम माझं होतं. मी नाही तपासला."

दिपाली अजून केबिनच्या दारात उभी होती. ती हळूच आली आणि तिने सारजाबाईंचा हात धरला.

"मावशी, म्हणजे पहिल्या वेळी खरंच आलं होतं?"

"आलं व्हतं पोरी. म्या सोता तुकडे पांढरे बघितले की."

"मला तर वाटायला लागलं होतं, माझ्याच डोळ्यांनी काहीतरी चुकीचं पाहिलं." एवढं बोलून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पण हे रडणं निराळं होतं. कुणाचाही आळ सहन करता येतो. स्वतःवरचा विश्वास गेला की माणूस खलास होतो, आणि तो विश्वास तिला त्या क्षणी परत मिळाला होता. मला फार बरं वाटलं. अकरा वर्षांत त्या विभागात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मग कामाला लागलो. ऍसिडच्या कपाटाची किल्ली मी काढली. सारजाबाईंना चष्मा, जाड हातमोजे, एप्रन दिला आणि पातळ केलेल्या ऍसिडच्या टबात फ्लास्क कसे बुडवायचे ते शिकवलं. थर रात्रभरात आपोआप सुटला. ते पाहून बाई म्हणाल्या, "हे आधीच दिलं असतं तर, बद्रीभाऊ?" मी कपाटाच्या मागे काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

पण ऍसिडनंतर सात-आठ वेळा डिस्टिल्ड पाण्याने विसळावं लागतं, आणि तिथे गाडं अडलं. डिस्टिल्ड पाणी करायच्या यंत्राला गार करायला सतत वाहतं पाणी लागतं. नळाचा वार पाच दिवसांवर. बोअरचं पाणी खारट, आणि त्याने यंत्राची नळी तुंबते. दिवस मोजके. तेव्हा सारजाबाईंनीच विचारलं, "ते गार करायचं पानी घान होतं का?"

"नाही. नुसतं गरम होतं."

"मग सोडून काहून देता? कूलरवानी फिरवा की."

मी घरी गेलो आणि कूलरची मोटर काढून आणली. एप्रिल महिना, गारखेड्यातली दुपार, आणि माझ्या घरातला कूलर बंद. बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही. टाकीत साठवलेल्या नळाच्या पाण्याने दोनशे लिटरचा ड्रम भरला, मोटर त्यात सोडली, तेच पाणी यंत्रातून फिरून परत ड्रममध्ये. पाणी तापलं की सारजाबाई त्यात कॅन्टीनमधून आणलेला बर्फ टाकायच्या. तीन दिवसांत पन्नास लिटर डिस्टिल्ड पाणी झालं, तेही एकही बादली मोरीत न सांडता. आता आमचं यंत्र बारा महिने असंच चालतं.

दिपालीने तीन फ्लास्कमध्ये तीन खेपा लावल्या. प्रत्येक फ्लास्क आधी सारजाबाईंच्या थेंबातून गेला. ढग नाही, तरच पुढे. काढा घातला. आम्ही चौघं बाकासमोर उभे. आधी पिवळसर, मग मधासारखा, मग कोरा चहा. तिन्ही फ्लास्क एकाच रंगाचे, जणू एकाच किटलीतून ओतलेले. माझा जीव भांड्यात पडला. पण दिपाली हसली नाही. म्हणाली, "आधी जंतू काय म्हणतात ते बघू."

जंतूंनी तीन दिवस घेतले. नळीचे तुकडे जंतूंच्या रश्श्यात ठेवले, काही साधे, काही लेपाचे. चौथ्या दिवशी सकाळी बाहेर काढले, धुतले, जांभळा रंग टाकला, पुन्हा धुतले. साधे तुकडे वांग्यासारखे जांभळे. लेपाचे तुकडे पांढरे. पहिल्या खेपेचे पांढरे, दुसरीचे पांढरे, तिसरीचेही. दिपालीने ते तुकडे तीनदा मोजले आणि मग जी मिठी मारली ती सारजाबाईंना, मॅडम शेजारी उभ्या असताना. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. त्या रुमालाने चष्मा पुसत होत्या आणि चष्मा पुसून संपत नव्हता.

तिसरी बैठक. सारजाबाई इरकली लुगडं नेसून आल्या, पण आत यायला तयार नव्हत्या. "म्या कशाला? मोठी मानसं हायेत." दिपालीने त्यांना हात धरून आत नेलं. मी चहाच्या निमित्ताने दारात.

पुण्याचे तेच तज्ज्ञ. त्यांनी तुकडे पाहिले, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. काम चोख आहे, हे त्यांना कबूल करावं लागलं. पण माणूस चिवट.

"छान आहे. मग मधलं दीड वर्ष का येत नव्हतं?"

दिपाली म्हणाली, "सर, ते यांनी शोधलं. याच सांगतील."

सारजाबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराआडून दोन फ्लास्क काढून टेबलावर ठेवले. दोन्ही लखलखीत.

"सायेब, यातली चांगली धुतलेली सुरई कोनती, वळखा."

तज्ज्ञांनी दोन्ही उचलून उजेडात फिरवले. एक जरा जास्तच चमकत होता. त्यांनी तो पुढे केला. "हा."

सारजाबाईंनी दोन्हींत घोटभर डिस्टिल्ड पाणी घालून खळबळवलं आणि एक-एक थेंब टाकला. तज्ज्ञांनी निवडलेल्या फ्लास्कमध्ये दूध फाटल्यासारखा पांढरा ढग उठला. दुसऱ्यात काहीच नाही.

"तुम्ही निवडली ती मिठानं घासलेली," बाई शांतपणे म्हणाल्या. "दीड वर्स म्या बी तीच चांगली म्हणत व्हते. चूक माझी. पोरीचं कवाच काही चुकलं नाय."

तज्ज्ञांनी फ्लास्क खाली ठेवला आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"म्याडमचा थेंब बघितला व्हता. बाकी चुकीनं शिकवलं."

त्या माणसाला मी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं, ते सगळं मी मागे घेतो. कारण त्यांनी मागच्या वर्षीची फाईल मागवली, आपला शेरा काढला, आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'पहिला निकाल योग्य होता. वरील शंका मी मागे घेतो.' सही केली, तारीख घातली. मग उठून दिपालीला म्हणाले, "सॉरी." दिपालीने मान खाली घातली नाही. सरळ बघून म्हणाली, "थँक्यू, सर."

सारजाबाईंचं कंत्राट जूनमध्ये नवं झालं. पत्र मॅडमनी स्वतः लिहिलं, आणि त्यात 'काचसामान तपासणी' हे काम वाढवलं. दिपालीच्या प्रबंधात कार्यपद्धतीच्या प्रकरणात एक ओळ आहे, की वापरण्यापूर्वी प्रत्येक फ्लास्क सारजाबाईंच्या थेंबाने तपासला. नळीचा लेप दवाखान्यापर्यंत जायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, कदाचित जाणारही नाही, असं दिपालीच सांगते. पण जे आलं ते खरं आलं, आणि कुणीही, कुठेही करून पाहिलं तरी येईल. तिला एवढंच हवं होतं.

परवा तिची तोंडी परीक्षा झाली. डॉक्टर दिपाली पेढ्यांचा डबा घेऊन आली, सगळ्यांच्या पाया पडली आणि दुपारी लगेच कामाला लागली. तिने स्वतःचा फ्लास्क स्वतः धुतला होता. काढा तयार होता, घाई होती. ती फ्लास्क घेऊन सारजाबाईंसमोर उभी राहिली. बाईंच्या तोंडात तिचाच पेढा होता. त्यांनी थेंब टाकला आणि फ्लास्क खिडकीकडे धरला. आत केसाएवढी पांढरी रेघ उठली. मला तर दिसलीही नसती.

दिपाली म्हणाली, "मावशी, एवढ्याने काही होत नाही."

याच बाईंनी वर्षभर याच पोरीचे फ्लास्क मायेपोटी दोनदा-दोनदा घासले होते. त्यांनी पेढा गिळला आणि फ्लास्क तिच्या हातात परत दिला.

"डाक्टर झालीस, पोरी. जा, परत धू."

आणि डॉक्टर दिपाली हसत मोरीकडे गेली.